निवृत्तीनंतरचे ताट

वाचकांचे प्रश्न आणि आहारतज्ज्ञांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे निवृत्त वाचकांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. वय वाढले की खाणे कमी होते, याची काळजी घरोघरी दिसते. परंतु ताटातून नेमके काय कमी होत आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही, असे ही पत्रे वाचताना वारंवार जाणवले. म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ याच विषयाला दिला आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी 58 व्या वर्षी शासकीय सेवेतून निवृत्त झालो. 32 वर्षे बोरिवली ते चर्चगेट असा प्रवास केला. सकाळी चहा-पोळी, दुपारी एकला डबा आणि रात्री नऊनंतर जेवण, हा क्रम कधी चुकला नाही. निवृत्तीला आठ महिने झाले. आता दिवसभर काही ना काही तोंडात टाकले जाते आणि वजन 4 किलोने वाढले आहे. या वयात चयापचय मंदावतो, त्याला इलाज नाही, असे मित्र म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : मित्रांचे म्हणणे तुमच्या वयाला लागू पडत नाही. 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 29 देशांतील 6,400 हून अधिक व्यक्तींच्या शरीरात रोज किती ऊर्जा खर्च होते, हे तपासले होते. शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण लक्षात घेऊन हिशोब केल्यावर असे दिसले की, विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि त्यानंतर तो दरवर्षी साधारण 0.7 टक्क्याने उतरू लागतो. तेव्हा 58 व्या वर्षी आठ महिन्यांत वाढलेल्या 4 किलोंचा दोष चयापचयावर टाकता येणार नाही.

खरा बदल झाला आहे तो तुमच्या चालण्यात. घरापासून स्टेशनपर्यंतची पायपीट, पुलाचे जिने, गाडीत उभ्याने केलेला प्रवास आणि चर्चगेटला उतरून कार्यालयापर्यंत चालणे, हे सारे दिवसातून दोन वेळा होत होते. त्याला तुम्ही कधी व्यायाम म्हटले नसेल, परंतु शरीर त्याचा हिशोब ठेवत होते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ते सगळे एकदम थांबले आणि त्याच दिवसापासून स्वयंपाकघर मात्र चार पावलांवर आले.

दुसरी गोष्ट डब्याची. मुंबईत 1890 पासून डबेवाल्यांची व्यवस्था चालत आली आहे. घरचे अन्न वेळेवर मिळते हा तिचा गुण सर्वांना ठाऊक आहे. पण डबा, मग तो डबेवाल्याने आणलेला असो की स्वतः पिशवीतून नेलेला, माणसाचे प्रमाणही राखत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. डब्यात तीन पोळ्या असतील तर तीनच खाल्ल्या जातात, चौथी मागायला समोर कोणी नसते. घरी ताटावर बसले की आग्रह होतो, उरलेली भाजी संपवायची असते, आणि चार वाजता चहाबरोबर चिवड्याचा डबा उघडला जातो.

म्हणून माझे तुम्हाला असे सांगणे आहे की, काही महिने डबा भरणे सुरूच ठेवावे. सकाळी स्वयंपाक झाला की तुमचा डबा तुम्हीच भरा, झाकण लावा आणि एक वाजता तोच घेऊन जेवायला बसा. माझ्याकडे आलेल्या काही निवृत्तांना हे सुचवले तेव्हा प्रथम त्यांना ते विचित्र वाटले, परंतु दुपारच्या जेवणाला पुन्हा वेळ आणि माप मिळाल्याने अधूनमधूनचे खाणे बरेच आटोक्यात आले. रात्रीचे जेवण आता नऊची गाडी पाहत थांबलेले नाही. ते साडेसात-आठपर्यंत घ्या. सकाळी ज्या वेळी तुम्ही लोकल पकडत होता, त्याच वेळी 40 ते 45 मिनिटे भरभर चाला, कारण त्या वेळेची सवय तुमच्या अंगात आधीपासून आहे.

एक गोष्ट विचारली नसतानाही लिहितो. निवृत्ती तुमची झाली आहे, तुमच्या पत्नींची नाही. इतकी वर्षे दुपारचे जे दोन तास त्यांचे स्वतःचे होते, ते आता चहा, खाणे आणि ‘काहीतरी दे’ यांत जात असतील. निदान दुपारचा चहा आणि त्यानंतरची भांडी तुम्ही अंगावर घ्यावीत. जे स्वतः उठून करावे लागते ते माणूस विचार करून खातो, हा त्यातला आहारशास्त्रीय भाग झाला. पण केवळ त्यासाठी हे सुचवलेले नाही.

प्रश्न : माझे वय 71 आहे. वर्षभरात माझे वजन 58 किलोंवरून 54 किलोंवर आले. खालच्या दाढा काढल्या आहेत आणि कवळी टोचते, म्हणून जेवताना ती काढून ठेवते. सकाळी चहा आणि दोन बटर, मग थोडे पोहे, दुपारी एक चपाती, भात, पातळ आमटी आणि भाजी, संध्याकाळी चहा-खारी आणि रात्री दूध-चपाती एवढेच खाते. सून काळजी घेणारी आहे. या वयात हलकेच खावे असे ती म्हणते. पण चाळीचा जिना चढताना हल्ली पाय लटपटतात. अशक्तपणासाठी एखादे टॉनिक सांगावे.
— एक वाचिका, लालबाग

उत्तर : टॉनिकाचे नंतर पाहू. 58 किलोंपैकी 4 किलो म्हणजे जवळजवळ 7 टक्के वजन, तेही प्रयत्न न करता, एका वर्षात कमी झाले आहे. सहा ते बारा महिन्यांत 5 टक्क्यांहून अधिक वजन आपोआप उतरले, तर ते वयावर सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे, असा नियम आहे. थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग, पोटाचे विकार, मनाची उदासी किंवा चालू असलेले एखादे औषध यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. कदाचित यांपैकी काहीच निघणार नाही आणि केवळ कमी खाण्याचाच हा परिणाम ठरेल. पण ते तपासणीनंतर ठरू द्या.

आता जेवणाविषयी. तुम्ही दिवसभराचे खाणे इतके नेमके लिहिले आहे की त्यातील प्रथिनांचा अंदाज काढता आला. दोन्ही वेळचा चहा, बटर आणि खारी मिळून सुमारे 7 ग्रॅम, पोहे 4, दुपारचे जेवण 11 आणि दूध-चपाती 8, म्हणजे एकूण जेमतेम 30 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने ठरवली आहेत. वयस्कांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने 2013 मध्ये हे प्रमाण 1 ते 1.2 ग्रॅम असावे असे सुचवले, कारण उतारवयात तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधले जातात. या हिशोबाने तुम्हाला रोज 54 ते 65 ग्रॅम प्रथिने हवीत आणि मिळतात त्याच्या निम्मी. जिन्यावर लटपटणारे पाय हे याच तुटीचे लक्षण असण्याचा संभव मोठा आहे.

‘हलके’ या शब्दाने आपल्या घरांतील वयस्कांचे फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पचायला हलके आणि सत्त्वाने हलके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूक कमी झाली की ताटातून प्रथम उसळ जाते, मग डाळ पातळ होते, मग मासे-अंडी बंद होतात, आणि उरतात ते भात, चपाती, बटर, खारी, बिस्किटे. ती चावायला सोपी असतात, चहात बुडतात आणि कोणाला रांधावी लागत नाहीत. ताट लहान होण्याला माझी हरकत नाही. ते चुकीच्या बाजूने लहान होते आहे, याला आहे.

सुदैवाने मऊ आणि तरीही सत्त्वाचे असे पदार्थ आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. कुळथाची पिठी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. 30 ग्रॅम कुळीथपिठातून 6 ते 7 ग्रॅम प्रथिने मिळतात, ती पाच मिनिटांत होते आणि चावावी लागत नाही. सकाळच्या पोह्यांऐवजी आठवड्यातून चार दिवस मूगडाळीची मऊ धिरडी आणि वाटीभर दही घ्या. आमटी पातळ न ठेवता घट्ट वरण करा. डाळीने गॅस होतो असे तुम्ही लिहिलेले नाही, पण तो त्रास असल्यास मुगाची किंवा मसुराची डाळ दोन तास भिजवून, ते पाणी टाकून, हिंग-आले घालून शिजवावी. दूध-चपाती खुशाल ठेवा. त्यात पोळी कमी आणि दूध जास्त करा, आणि आधी एक अंडे खा. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात.

मासे खात असाल तर लालबाग-परळच्या बाजारात बांगडा आणि तारली अजूनही इतर माशांच्या मानाने स्वस्त मिळतात. शंभर ग्रॅम बांगड्यात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. काटे काढून सुनेने किंवा नातवंडांनी तुकडे वाढावेत. ओला बोंबील मऊ म्हणून अनेक जण निवडतात आणि तो जरूर खावा, मात्र त्यात पाणी फार असल्याने प्रथिने बांगड्याहून कमी असतात, एवढे लक्षात असू द्या. नाचणीची आंबील किंवा सत्त्व प्रथिनांसाठी नव्हे, तर कॅल्शियमसाठी घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; गव्हा-तांदळात त्याच्या मानाने फारच थोडे.

ही सारी प्रथिने एकाच जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळा वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वर दिलेले प्रमाण तुम्हाला लागू नाही. म्हणून वजनाच्या तपासणीबरोबर रक्तातील क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते यावरून कळते) तपासून घ्यावे. कवळी टोचते म्हणून काढून ठेवणे हा उपाय नाही. दाढा काढल्यानंतर हिरडी आकसते आणि जुनी कवळी सैल होते, ती दंतवैद्याकडून पुन्हा बसवून घेता येते. आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, सकाळी दहा वेळा आणि संध्याकाळी दहा वेळा, एवढे सुरू करा. सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभे असावे. स्नायूंना काम मिळाले तरच खाल्लेली प्रथिने त्यांच्या उपयोगी पडतात. हे तीन महिने केल्यावर टॉनिकाची गरज वाटली तर पुन्हा लिहा.

प्रश्न : माझे पती 74 वर्षांचे आहेत. 46 वर्षे माझ्याच हातचे जेवले, पण आता रोज म्हणतात की कशालाच चव नाही. ताटात वरून मीठ घेतात, लोणचे-पापडाशिवाय घास घेत नाहीत. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. माझ्या हाताची चव गेली का, असे आता मलाच वाटू लागले आहे.
— एक वाचिका, गिरगाव

उत्तर : तुमच्या हाताची चव गेलेली नाही. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो, आणि वयाबरोबर वास घेण्याची शक्ती हळूहळू कमी होते. खारट आणि गोड जाणवण्यासाठीही मग पूर्वीपेक्षा जास्त मीठ-साखर लागते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते, त्यामुळेही अन्न बेचव लागते. त्यांना हे शांतपणे समजावून सांगा. तुम्हाला बोल लावण्याचा हेतू त्यांच्या मनात बहुधा नसेल. जिभेला जे जाणवते तेच ते बोलत असतील.

मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, अशी आहे आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही मोजायचे असते. सैंधव हेही मीठच आहे, त्याला सूट नाही. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर आणि मूत्रपिंडाच्या आजारात ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

मिठाची जागा आंबट आणि सुवासिक पदार्थांनी भरून काढता येते. वरणावर लिंबू, आमटीत आमसूल, भाजीत आले-लसूण, आणि वाढण्याच्या अगदी आधी घातलेली हिंग-जिऱ्याची फोडणी यांनी पुष्कळ फरक पडतो. अन्न गरम असले की वास अधिक येतो, म्हणून त्यांचे ताट शेवटी वाढा. मिठाचे भांडे मेजावरून उचलून ओट्यावर ठेवा. चव अचानक, काही दिवसांत गेली असेल, तर मात्र ते वयाचे लक्षण समजू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जेवण झाल्याबरोबर चहा घेण्याची सवय कार्यालयात लागली. हिमोग्लोबिन कमी निघाले आहे. याचा संबंध असेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : असू शकतो. चहातील टॅनिनांमुळे डाळी आणि पालेभाज्यांतील लोह नीट शोषले जात नाही. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा, जेवणात लिंबू पिळा. परंतु 60 वर्षांनंतर हिमोग्लोबिन कमी निघाले तर पोटात किंवा आतड्यात कोठे रक्तस्राव होतो का, हे आधी पाहावे लागते. ते न पाहता केवळ चहा बंद करून थांबू नये.

प्रश्न : वय 67, शाकाहारी. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड या गोळ्या चालू आहेत. नोकरीत असताना फक्त आषाढी-कार्तिकी करत होते. निवृत्त झाल्यापासून सर्व एकादश्या, चतुर्थी आणि सोमवार धरते. गेल्या एकादशीला दुपारी चक्कर आली आणि घाम फुटला. हातापायांना मुंग्याही येतात. उपवास सोडावेसे वाटत नाहीत.
— एक वाचिका, विलेपार्ले

उत्तर : तुमच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. त्या दिवशी तुमच्या रक्तातील साखर उतरली असण्याची शक्यता फार मोठी आहे. ग्लिमेपिराईड ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाही, ती आपले काम करत राहते. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ आणि चक्कर येते. उतारवयात कित्येकदा केवळ गोंधळ दिसतो आणि घरच्यांना तो थकवा वाटतो. असे पुन्हा झाल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा आणि त्या दिवशीचा उपवास तेथेच संपवा.

उपवासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. स्वतःच्या मनाने गोळी वगळणेही योग्य नाही. माझी विनंती अशी की, चतुर्थी आणि सोमवार सोडून द्यावेत आणि एकादशी डॉक्टरांनी मान्य केली तर फराळ करून पाळावी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्याने साखर आधी भरकन चढते. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, दाण्याची आमटी आणि थोडी भगर असे दर तीन-चार तासांनी घ्या. पाणी पीत राहा. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः ऑक्टोबरात, शरीरातील पाणी किती गेले हे कळतही नाही.

मुंग्यांसाठी बी-12 जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसते, दूध-दह्यातून मिळते. वयानुसार जठरातील आम्ल कमी झाले की ते अन्नातून नीट सुटे होत नाही आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने शोषणही घटते. तुमच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एकत्र आली आहेत. मधुमेहानेही मुंग्या येतात, त्यामुळे सारे साखरेवर ढकलले जाते आणि बी-12 तपासायचे राहून जाते.

प्रश्न : आई जाऊन दीड वर्ष झाले. बाबा 76 वर्षांचे आहेत आणि मुलुंडला एकटे राहतात. आमच्याकडे यायला तयार नाहीत. पोळीभाजी केंद्राचा डबा लावून दिला आहे, पण अर्धा डबा तसाच राहतो, तोच दोन दिवस पुरवतात आणि रात्री दूध-पाव खातात. मी रविवारी आठवड्याचे खाणे नेऊन देतो. सांगितले की ‘भूक नाही’ म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या बाबांना भूक नाही हे खरे असेल, परंतु ती केवळ वयाने गेलेली नाही. पन्नासेक वर्षे ज्यांच्या समोर बसून जेवले त्या आता नाहीत. माणूस एकटा असला की कमी खातो, हे सर्वत्र दिसून आलेले आहे, आणि ज्या पुरुषांनी स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकले नाही त्यांची पत्नीच्या निधनानंतर अन्नाच्या बाबतीत सर्वांत जास्त आबाळ होते. झोप, फिरणे, वर्तमानपत्र वाचणे, यांतही त्यांचे मन लागत नसेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. एकदा डॉक्टरांकडे जाऊन तेवढे तपासून घ्या.

शिळ्या अन्नाबाबत मात्र थोडा कडकपणा हवा. शिजवलेला भात मुंबईच्या हवेत काही तास बाहेर राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचे विष भात पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. केंद्राला अर्धाच डबा द्यायला सांगा. अर्धा का होईना, रोज ताजा यावा. रात्रीच्या दूध-पावाऐवजी दूध, केळे आणि पंढरपुरी डाळ्यांचे पीठ किंवा सातू असे काही ठेवले, तर त्यांना गॅससुद्धा पेटवावा लागणार नाही.

पण तुमच्या पत्रात मला खटकली ती एक गोष्ट. तुम्ही खाणे नेऊन ‘देता’, त्यांच्याबरोबर जेवता असे लिहिलेले नाही. त्यांच्या परिसरात ज्येष्ठ नागरिक संघ असेल, सकाळी फिरायला येणारे समवयस्क असतील. आठवड्यातून दोनदा त्यांच्यापैकी कोणाबरोबर नाश्ता व्हावा, अशी व्यवस्था तुम्ही पुढाकार घेऊन करू शकता. आणि त्यांना कुकर लावायला शिकवा. 76 व्या वर्षी कुकर शिकता येतो. खाली डाळ, वर तांदूळ, त्यावर एक बटाटा किंवा भोपळ्याच्या फोडी, बाहेर किती पाणी आणि किती शिट्ट्या, हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ओट्याजवळ चिकटवा. येत्या रविवारी भरलेले डबे नेऊ नका. कुकर बाबांना लावू द्या, डाळीत पाणी जास्त झाले तरी तेच वरण-भात दोघांनी समोरासमोर बसून जेवा, आणि पुढच्या रविवारी काय करायचे ते निघण्यापूर्वी त्यांनाच विचारा.